सुभेदाराचं औषध

२७ मार्च १९३७, शनिवार. धुळवड.

आजपासून रोजनिशी. कारण एकच, सूड. मनात ठेवलेला सूड माझ्याकडून विरून जातो, असा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे. तारीखवार लिहिला तर टिकेल.

आरोपी: चुडामण. शेजारी. धंदा किराण्याचा आणि मोहाच्या फुलांचा. गुन्हा: त्याच्या-माझ्या परसाच्या मधोमध काटेरी तार लावली. काल सकाळी त्या तारेखालून जाताना सुभेदाराचं पोट फाटलं. सुभेदार म्हणजे माझा कुत्रा. तांबडा, उमदा, निर्व्यसनी.

चुडामणचा खुलासा असा: "मुनीमभाऊ, तुमना कुत्रा रोज मन्हा वाळत टाकेल फुलं खाई जास. म्हनीसन तार लाई."

सुभेदार फुलं खायला जात होता हे मी मानत नाही. मी लाकडाच्या वखारीत मुनीम असलो, तरी गावात मला ओळखतात ते खांडबारा मद्यपान निषेध मंडळाचा सेक्रेटरी म्हणून. मोहाच्या फुलांची दारू होते. फुलंच उरली नाहीत तर दारू कशाची गाळणार? मंडळाचं हे धोरण आमच्या सभासदांना अजून समजलेलं नाही. कुत्र्याला समजलं आणि त्याने एकट्याने ते अंमलात आणलं. त्याचं हे बक्षीस.

काल त्याला टोपलीत घालून गाडीने नंदुरबारला नेला. गुरांच्या डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन केलं. रेशमी टाके घातले. मी बाहेर बाकावर बसून सुडाची रूपरेषा आखली. त्यामुळे होळीपुढचं माझं दारूबंदीचं व्याख्यान बुडालं. चुडामणने नेमका होळीचा दिवस साधला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

डॉक्टरांची आज्ञा: टाके वाळेपर्यंत भाताची पातळ पेज, दुसरं काही नाही. सकाळ-संध्याकाळ एक पुडी, पेजेतून. पुडीने पोट बिघडलं तर पुडी अर्धी करायची आणि लगेच कळवायचं. गोड बिलकुल वर्ज्य. डॉक्टर तरुण आहेत. मिशीसुद्धा अजून प्रोबेशनवर.

प्रतिज्ञा: चुडामणच्या घरचा अन्नाचा कण माझ्या किंवा सुभेदाराच्या पोटात जाणार नाही.

२८ मार्च

सुभेदार पेज पितो. पुडी तळाशी ठेवतो. दुधातून दिली, दूध प्याला, पुडी ठेवली. भाकरीच्या आत लपवली, भाकरी खाल्ली, पुडी अंथरुणावर काढून ठेवली. वखारीत आलेल्या बिलांची इतकी चोख छाननी आमच्या शेठजींनी आयुष्यात केली नसेल.

चुडामणच्या दुकानावर आजपासून बहिष्कार. घरात तसं जाहीर केलं. गावात साखरेचं दुकान ते एकच. संध्याकाळी रेवाबाईने विचारलं, "चहामा साखर टाकू का बहिष्कार टाकू?"

ही माझी पत्नी. शत्रूला घराबाहेर शोधावं लागतं असं थोडंच आहे.

चहा गोड होता. साखर कुठली, हे विचारलं नाही. चौकशीलाही वेळ-काळ असतो.

३० मार्च, सकाळ

सापडलं. मोह!

सुभेदाराला गोड आवडतं, त्यातून मोहाचं फूल विशेष. (धोरण म्हणून. चव ही दुय्यम बाब.) फुलात पुडी घातली तर त्याला पत्ता लागणार नाही. माल समोरच आहे, शत्रूच्या अंगणात वाळत पडलेला. पहाटे चुडामण तांब्या घेऊन ओढ्याकडे गेला, तेव्हा तारेखालून हात घातला आणि धोतराचा ओचा भरून घेतला. शत्रूच्या मालाने शत्रूचा पाडाव. हात जरा खरचटला. ही तार किती घातक आहे याचा आणखी एक पुरावा.

मनात क्षणभर आलं, मंडळाच्या सेक्रेटरीने मोह घरात आणावा का? विचारांती निकाल दिला: फूल हे अन्न आहे. डोंगरातली माणसं ते उकडून खातात, पोरंही खातात. पाप पुढे सुरू होतं, भट्टीवर. आपण भट्टी लावत नाही. आपण उकडतो.

३० मार्च, दुपार

फुलं उकडली. डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या पुड्या एकदमच त्यात कालवल्या. रोज पुडी सोडा, मिसळा, कुत्र्याची मनधरणी करा, हा वेळेचा अपव्यय आहे. एकच मिक्स्चर, एकच मडकं, दोन वेळा दोन पळ्या. वरून घट्ट फडकं बांधून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं, म्हणजे ऊब राहील.

रेवाबाई म्हणाली, "डॉक्टरनी पेज सांगेल शे."

मी म्हटलं, पेज आजाऱ्यांना.

"मंग हाऊ कोन शे?"

बायकांना मेडिकल लाइनमधलं सांगून उपयोग नसतो.

३१ मार्च

सुभेदाराने औषध खाल्लं. पळी चाटली. माझी बोटं चाटली. मग मडक्याच्या दिशेने बघत बसला. असा पेशंट डॉक्टरांनी पाहिला नसेल.

पेज बंद केली. दोन-दोन भानगडी कशाला?

२ एप्रिल

विषप्रयोग!

सुभेदाराला पहाटेपासून जुलाब. मंडळाची सतरंजी, जी वार्षिक सभेसाठी मी खास धुऊन आणली होती, तीच त्याने निवडली. डॉक्टर म्हणाले होते पुडीने असं होतं. पण आज सकाळीच चुडामणने तारेपलीकडून विचारलं, "कुत्रा कसा शे मुनीमभाऊ?" ज्याच्या मनात पाप नाही, तो माणूस कशाला चौकशी करेल? त्यानेच रात्रीतून काहीतरी टाकलेलं असणार.

पुडी अर्धी करण्याचा प्रश्नच नाही. अर्धी करायची म्हणजे शत्रूपुढे माघार. दोनाच्या तीन पळ्या केल्या.

सुडाचा पहिला हप्ता आजच दिला. सुभेदाराच्या अंथरुणातलं सगळं खराब झालेलं गवत उचललं आणि तारेवरून चुडामणच्या परसात फेकलं. त्याने उद्या बोंब मारत यावं, म्हणजे मला दोन शब्द सुनावता येतील. शब्द तयार आहेत.

३ एप्रिल

चुडामण आला. म्हणाला, "भाऊ, खत धाडं ते भलं करं. भोपळाना येल वाळी ऱ्हायंता."

शब्द परत ठेवून दिले.

५ एप्रिल

रेवाबाई सकाळी म्हणाली, "मडकं बोली ऱ्हायनं, ऐका."

गेलो. खरंच. फडक्याखाली बारीक बुडबुड चालू. वर पांढरा फेस. वास आंबूस, पण उग्र नाही, दमदार. रेवाबाई म्हणते फेकून द्या. मी म्हटलं, अगं, खाली चूल नाही, निखारा नाही, आणि तरी उकळतंय. औषधाला स्वतःची शक्ती आल्याशिवाय असं होईल का?

रोग्याला द्यायचं ते आधी आपण चाखावं, हे माणुसकीचं आहे. एक पळी घेतली. आंबट-गोड. घशातून उतरताना ऊब. पोटात गेल्यावर चुडामणबद्दलची जी थोडीफार भीड होती ती गेली.

सुभेदाराला चार पळ्या.

६ एप्रिल

सुभेदाराच्या ट्रेनिंगला सुरुवात. बरा झाल्यावर त्याचं पहिलं काम चुडामणला चावणं. चुडामण काळी टोपी घालतो. त्याची मिळणार नाही, म्हणून माझी घेतली, तशीच आहे. काठीला लावून त्याच्यापुढे नाचवली आणि म्हटलं, "धर!" सुभेदाराने टोपी हुंगली, खाली ओढली, तिच्यावर हनुवटी ठेवली आणि झोपला. जागा झाल्यावर जुलाबाचा जोर होता. टोपीत.

दुसरी टोपी नाही. हीच धुतली, घातली, वखारीत गेलो. सगळे दोन पावलं लांब उभे राहून बोलत होते. वखारीत इतका धाक माझा कधी बसला नव्हता.

संध्याकाळी दोन पळ्या (मी). सुभेदार पाच.

७ एप्रिल

सुभेदाराच्या चालीत काय डौल आलाय! डावा पाय उजवीकडे, उजवा डावीकडे, मधेच थांबून आकाशाकडे बघतो. भर दुपारी तोंड वर करून गायला. शेजारच्या आळीतली कुत्री गप्प ऐकत होती. मग ओकला. मग पुन्हा गायला.

ओकारी म्हणजे विष बाहेर पडतंय.

माझं वक्तृत्वही खुललंय. पाडव्याला मंडळाची वार्षिक सभा आपल्याच ओट्यावर. भाषणाचा सराव परसात केला. चुडामणला नुसता गावातून नाही, नवापूर तालुक्यातून हद्दपार करायचं. तालुक्यातून नाही, खानदेशातून! सुरतेकडे हाकलायचा. सुरतेने नको म्हटलं तर समुद्र आहे.

रेवाबाई बाहेर येऊन म्हणाली, "खांबाले काय दम दी ऱ्हायनात?"

खांब तारेचा होता. म्हणजे चुडामणचाच.

८ एप्रिल

तीन पळ्या. सूड! सूड! तपशील उद्या.

९ एप्रिल

तपशील आठवत नाही.

पोटात कळ. सकाळपासून तांब्या घेऊन ओढ्याच्या वाटेवर. जाता-येता चुडामण भेटला, म्हणाला, "तुमले बी?" इतक्या आपुलकीने म्हणाला की खात्री पटली. विष आता माझ्यापर्यंत पोचलंय. मार्ग: चहातली साखर. बहिष्कार कडक केला असता तर हे झालं नसतं. चूक माझी नाही. घरातून फितुरी झाली.

सुभेदाराने आज औषध अर्धंच घेतलं. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून मी.

१० एप्रिल

सुभेदार उठत नाही.

सकाळी ओकताना त्याने अंगाला असा हिसका दिला की मधला टाका सुटला. पोटावरच्या पट्टीखाली ओलं लागतंय. पळी तोंडाशी नेली तर मान वळवली. माझी बोटंसुद्धा चाटली नाहीत. नाक कोरडं, गरम.

वखारीत गेलो नाही. त्याच्या शेजारी गोणपाटावर बसून राहिलो. कानामागे खाजवलं की शेपटीचं टोक एकदा हलतं, तेवढंच. रेवाबाईने भाताचं पाणी बोटाने त्याच्या ओठांना लावलं. ते त्याने चाटलं.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात हा स्टेशनच्या मालधक्क्यावर सापडला, रिकाम्या पेटीत, भिजलेला. तेव्हाही असाच बसलो होतो शेजारी.

आज सुडाचं काही लिहायचं नाही.

१० एप्रिल, तिन्हीसांज

लिहायचं आहे. चुडामणचा खून करता येत नाही, कारण मी अहिंसावादी आहे. म्हणून सरकारकडून करवून घ्यायचं.

११ एप्रिल, रविवार

अबकारीचे जमादार इंद्रसिंग स्टेशनवर आले होते, त्यांना गाठलं. म्हटलं, चुडामणच्या घरी चोरून दारू बनते, आंबलेल्या मोहाचा वास येतो, मी स्वतः साक्षीला. जमादार म्हणाले, "फुलांचा परवाना आहे त्याच्याकडे." मी म्हटलं, फुलांचा असेल, वासाचा आहे का? ते विचारात पडले. उद्या पाडव्याला सभेच्या वेळी धाड घालायचं ठरलं. पंच म्हणून लागणारी दोन प्रतिष्ठित माणसं मीच पुरवतो म्हणालो: मिशन शाळेचे शमुवेल मास्तर आणि वखारीचा दलपत. दोघेही मंडळाचे सभासद. दोघेही खऱ्याला खरं म्हणणारे.

जमादार बोलताना जरा मागे सरकून उभे राहत होते. म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, वास आत्ताही येतोय बरं का." मी म्हटलं, पाहा, त्याचा वास स्टेशनपर्यंत पसरलाय!

सुभेदार तसाच. भाताचं पाणी घेतो. औषध मी त्याला हुंगायला दिलं, निदान वासाने तरी शक्ती यावी.

१२ एप्रिल, सोमवार. गुढीपाडवा.

आज लिहिणार नाही.

१३ एप्रिल

लिहितो. पुढे कोणी इतिहास विचारला तर माझ्या बाजूनेही नोंद असावी.

काल गुढी उभारली. कडुनिंब खाल्ला. नऊला सभासद जमले. सतरंजी उलटी अंथरली होती. मी बोलायला उभा राहतो तोच जमादार शिपायासह आले. ठरल्याप्रमाणे मी बोट दाखवलं. चुडामणच्या घरी धाड पडली. सगळी सभा धाड बघायला तारेपाशी. चुडामणने परवाना काढून दाखवला. फुलं वजनासकट बरोबर. कोरडी खडखडीत. वास नाही. त्याच्या बायकोने, धनीबाईने, जमादारांना पाडव्याचं म्हणून साखरेच्या गाठीचा तुकडा दिला. तो त्यांनी घेतला! सरकारी माणसाने धाडीत गोड घ्यावं का, हा प्रश्न मी पुढे मांडणार होतो.

तेवढ्यात जमादारांना तहान लागली. आमच्याकडे पाणी मागितलं. रेवाबाईने आत बोलावलं. सुभेदार दाराशीच पडला होता. सणाची म्हणून सकाळी एक पळी मी त्याच्या तोंडात सोडली होती. वर्दी पाहून त्या जिवाने उठायचा प्रयत्न केला. आजारातही शिस्त पाहा! उठला, डुलला आणि जमादारांच्या बुटावर ओकला.

जमादार खाली वाकले. हुंगलं. सरळ उभे राहिले. मग नाक पुढे करून, एकेक पाऊल टाकत, चुलीमागच्या कोनाड्यापाशी गेले आणि फडकं सोडलं.

"हे काय?"

"कुत्र्याचं औषध," मी म्हणालो.

जमादार म्हणाले, "बावीस वर्षं नोकरीत झाली. ज्याच्याकडे धरावं तो औषध आहे म्हणतो. कुत्र्याचं म्हणणारा तुम्ही पहिलेच."

पंच हजर होतेच. मीच आणलेले. शमुवेल मास्तरांनी मडक्यात काडी बुडवून हुंगली आणि दुःखाने मान हलवली. दलपतने हुंगलं आणि मान हलवायला विसरला. दोघांनी पंचनाम्यावर सही केली. मास्तरांनी तर खाली "सभासद, म. नि. मंडळ" असंही लिहिलं. गरज होती का त्याची?

मला चौकीत नेलं. सबंध गाव पाडव्याच्या नव्या कपड्यांत रस्त्यावर होतं.

चौकीत जबाब चालू असताना चुडामण आला. मला वाटलं, आता हा माझ्याविरुद्ध बोलणार, म्हणजे सुडाला पक्कं कारण मिळेल. तर जमादारांना म्हणतो कसा, "साहेब, मी देखेल शे. ते कुत्रासाठीच शे. फुलं मन्हाच शेत. पहाटे तारना खालून लई जायेत. कुत्रा आजारी, म्हनीसन मी बोलनू नही. हाऊ माणूस दारू करी असा नही. इतली अक्कल त्याले नही."

जमादारांनी हे शब्दशः लिहून घेतलं. ताकीद देऊन मला सोडलं. मडकं जप्त.

आजवर माझ्याविरुद्ध जे काही झालं त्यात हे सगळ्यात नीच. मला सोडवलं! याचा सूड कसा घ्यायचा, सुचत नाही.

घरी आलो तर सुभेदार नाही. टोपलीही नाही.

१४ एप्रिल

खुलासा झाला. मी चौकीत बसलो होतो तेव्हा रेवाबाईने सुभेदाराला टोपलीत घातलं. धनीबाईने टोपलीचा एक कान धरला, हिने दुसरा, आणि दोघी दुपारच्या गाडीने नंदुरबारला. डॉक्टरांनी टाका पुन्हा घातला. काय काय पोटात गेलं ते विचारलं. हिने सगळं सांगितलं. मी विचारलं, डॉक्टर हसले असतील. म्हणाली, "नही. हासनात नही." मग ते काय म्हणाले, तर म्हणे नुसते सुभेदाराच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

हसले असते तर बरं झालं असतं.

नव्या पुड्या दिल्या. मोह बंद, गोड बंद, पेज. आणि औषध देणारा माणूस बदला म्हणाले. त्यामुळे सुभेदार आता धनीबाईच्या ओसरीवर. निर्णय दोन बायकांनी घेतला. मालक कोण, हा मुद्दा सभेपुढे आलाच नाही.

१५ एप्रिल

सुभेदार पेज पितो. पुडीसकट! धनीबाई पेजेत चिमूटभर सुकटाची पूड घालते. त्याच्या वासात त्याला पुडी कळत नाही. तारेपाशी उभा राहून पाहिलं. इतकी छाननी करणारा कुत्रा, आणि मासळीच्या वासाला भुलला. शाकाहारी घरात वाढवला होता मी त्याला.

मला अजून जुलाब.

१६ एप्रिल

सुभेदाराला आज घट्ट झालं. चुडामणने ते परसातून इतक्या मोठ्याने जाहीर केलं की वखारीत ऐकू आलं. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

मनाशी विचार केला, हा गुण मडक्यातल्या औषधाचाच. त्याने विष मुळापासून ढवळून काढलं. पेजेने फक्त शेवटची सही केली. श्रेय पेजेला मिळणार. जगात असंच चालतं.

१७ एप्रिल

मंडळाची तहकूब सभा. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा शंभर टक्के हजेरी. उभं राहायला जागा नव्हती. मी राजीनामा देणार नाही असं म्हणालो, तो त्यांनी आधीच मंजूर केला होता. नवीन सेक्रेटरी: चुडामण.

मी हरकत घेतली. मोहाचा व्यापारी दारूबंदीचा सेक्रेटरी? शमुवेल मास्तर म्हणाले, "निदान तो पीत तरी नाही."

चुडामणने पहिला ठराव मांडला: तारेला गोणपाट गुंडाळावं, कुणाचं पोट फाटू नये. टाळ्या पडल्या. त्याने तार लावली तेव्हा मी एकटा विरोधात होतो. आज एकट्याने ठरावाच्या विरोधात मत दिलं.

१८ एप्रिल

नवापूरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. माणसांच्या. निदान: आंबलेलं पोटात गेल्याने आतडं बिघडलंय. पथ्य: भाताची पातळ पेज. रोज दोन पुड्या. गोड वर्ज्य. डॉक्टरी धंद्यात नवी कल्पना म्हणून कुणाला सुचत नाही.

पुडी जिभेला लावली. भयंकर कडू. थुंकली. दुधातून घेतली, दूध प्यालो, पुडी पेल्याच्या तळाशी राहिली. भाकरीत घातली तर दाताला लागली, काढून ठेवली.

रेवाबाई नुसती बघत होती.

१९ एप्रिल

अशक्तपणा फार. वखारीत गेलो नाही. अंगणात बाजेवर पडून राहिलो. तारेला गोणपाट गुंडाळलंय. त्याखालून सुभेदार आला. पहिल्यांदाच आला. चाल सरळ. जवळ येऊन माझं तोंड हुंगलं, पुढचे पाय मागे घेतले आणि दोन हात लांब बसला. बोलावलं. शेपटी हलवली, पण जागा सोडली नाही.

मग म्हटलं, बरं. बस तिथेच.

सुडाचा नवा आराखडा उद्यापासून. यावेळी दीर्घ मुदतीचा.

१९ एप्रिल, दुपार

धनीबाईने तारेवरून दोन वाडगे दिले. पेज. एक सुभेदारासाठी, एक माझ्यासाठी. प्रतिज्ञा आठवली. वाडगा परत करायला रेवाबाईला हाक मारणार होतो. पण त्यावर हिंग-जिऱ्याची फोडणी होती. वास आला.

परत करायचं तर रिकामं करावं. संपवली. गरम होती, मीठ बरोबर होतं, पोटात गेल्यावर कळ थांबली. रेवाबाई वाडगा न्यायला आली. म्हणाली, "पुडी त्यामाच व्हती."

मला कळलीच नाही.

सुभेदार दोन हात लांब बसून सगळं पाहत होता. त्याची पेज संपली होती. वाडग्याच्या तळाशी पुडी, जशीच्या तशी, ठेवलेली. धनीबाई त्याच्या वाडग्यात आज सुकट घालायला विसरली होती.